राव

पुरुषाच्या नावाला जोडला जाणारा एक आदरवाचक मराठी शब्द आणि बोलभाषेत सोबत्याला उद्देशून वापरले जाणारे एक अनौपचारिक संबोधन. ‘माधवराव आले’ या वाक्यातील राव आणि ‘चला राव, उशीर झाला’ या वाक्यातील राव ही एकाच शब्दाची दोन रूपे होत. शब्दाचा मूळ अर्थ ‘राजा’ असा आहे. राजाचा वाचक असलेला शब्द प्रथम सरदाराच्या, मग प्रतिष्ठित गृहस्थाच्या आणि अखेरीस कोणाही माणसाच्या वाट्याला आला. भाषाशास्त्रात अशा स्थित्यंतरास अर्थापकर्ष म्हणतात. परंतु राव या शब्दाच्या बाबतीत त्याची उंची जसजशी कमी होत गेली, तसतसा मानाचा परीघ वाढत गेला. हा मान कोणाला मिळाला, कोणाला नाकारला गेला आणि तो सर्वांचा कसा झाला, याचा विचार केल्याशिवाय या शब्दाचा अर्थ पुरता उलगडत नाही.

व्युत्पत्ती : राव हा संस्कृत ‘राजन्’ या शब्दापासून आला आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ज’, ‘च’ यांसारखी अल्पप्राण व्यंजने गळून पडतात. त्यामुळे संस्कृत ‘सूची’ची मराठीत ‘सुई’ झाली आणि ‘बीज’चे ‘बी’ झाले. त्याच नियमानुसार ‘राजा’चे माहाराष्ट्री प्राकृतात ‘राआ’ हे रूप झाले. जैन ग्रंथांतील प्राकृतात यश्रुतीमुळे ‘राया’ असे रूप आढळते. अपभ्रंशातील ‘राउ’ या रूपावरून मराठी ‘राव’ सिद्ध झाला. ‘राया’ हे रूपही मराठीत टिकून आहे. ‘विठुराया’, ‘खंडेराया’ या भक्तीच्या संबोधनांत आणि लावणीतील प्रियकराच्या संबोधनात ते आढळते.

या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. ‘राजकुल’पासून ‘राउळ’, ‘राजपुत्र’पासून ‘राऊत’ आणि ‘राज्ञी’पासून ‘राणी’ हे शब्द निघाले. यांपैकी राउळ या शब्दाचा अर्थ राजवाड्यावरून देवालयाकडे वळला, तर राऊत म्हणजे राजपुत्र हा घोडेस्वार झाला आणि पुढे आडनाव बनला. महाराष्ट्राबाहेर राजस्थानातील राव जोधा व राव बिका, विजयानगरचा कृष्णदेवराय (कार. १५०९–२९) आणि बंगालमधील ‘राय’ हे आडनाव यांत याच शब्दाची भावंडे दिसतात. तेलुगू व कन्नड भाषांतही नावाच्या अखेरीस ‘राव’ लावण्याची पद्धत रूढ आहे. राव हा शब्द त्यामुळे केवळ मराठीचा नव्हे, तर दख्खनच्या तीन भाषांचा सामाईक ठेवा ठरतो.

‘राजा’ हा तत्सम शब्द मराठीत वापरात राहिल्यामुळे राव या तद्भव शब्दाला मूळ अर्थापासून दूर जाण्यास मोकळीक मिळाली. तरीही काही वाक्प्रचारांत जुना अर्थ शिल्लक आहे. ‘रावापासून रंकापर्यंत’, ‘रंकाचा राव होणे’ हे वाक्प्रचार आणि ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण यांत राव म्हणजे राजाच होय. या म्हणीचा आशय असा, की गावाने एकजुटीने मनावर घेतले, तर राजालाही न साधणारी गोष्ट घडून येते.

पदवी ते नामांत : मध्ययुगात राव हा राजपदाखालील सत्ताधाऱ्यांचा व पराक्रमी सरदारांचा किताब होता. सिंदखेडच्या जाधव घराण्यात तो कुळनामाला जोडला जाऊन ‘जाधवराव’ असे रूप झाले. शिवकालात कुडतोजी गुजर हे ‘प्रतापराव’ आणि हंसाजी मोहिते हे ‘हंबीरराव’ या किताबांनीच ओळखले जाऊ लागले. मूळ नावे मागे पडली. झुंझारराव, सर्जेराव, हिंदुराव, रुस्तुमराव हेही असेच किताब होत. रुस्तुमराव या शब्दात फार्सी वीराचे नाव व प्राकृत राजशब्द एकत्र आले आहेत. किताब वंशपरंपरेने चालत राहिल्याने त्यांपैकी काही पुढे आडनावे झाली, तर काही मुलांची नावे म्हणून रूढ झाली.

अठराव्या शतकात पेशवे घराण्यातील पहिला बाजीराव (१७००–४०), रघुनाथराव, माधवराव (१७४५–७२), नारायणराव यांच्या नावांत राव हा किताब न राहता नावाचाच भाग झालेला दिसतो. हा बदल महत्त्वाचा आहे. किताब दरबारातून मिळतो. नामांत मात्र समाज बहाल करतो. देणारा हात बदलल्यामुळे शब्दाचा प्रसार वेगाने झाला. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी अशा वतनदारांच्या आणि कारकुनी पेशातील कुटुंबांत राव लावणे ही रीत झाली. बाजीराव या नावाचा दबदबा ओसरल्यावर त्याचा उपरोधही मराठीत रुजला. ‘मोठा बाजीराव लागून गेलास’ असे आपण ऐटबाज माणसाला सुनावतो.

नामांत म्हणून राव व्याकरणदृष्ट्या बहुवचनी असतो. ‘माधव आला’, पण ‘माधवराव आले’. ‘माधवने सांगितले’, पण ‘माधवरावांनी सांगितले’. दोन अक्षरांच्या या जोडणीने क्रियापद बदलते, सर्वनाम ‘तो’चे ‘ते’ होते आणि ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ येते. म्हणून राव लावणे वा न लावणे ही केवळ नावापुरती बाब राहत नाही. बोलण्याची सगळी रीत त्यावर अवलंबून असते.

मान आणि त्याची नाकबुली : परंपरागत मराठी समाजात पुरुषाच्या नावापुढील शेपूट त्याची पायरी दाखवीत असे. पंडित शब्दापासून आलेला ‘पंत’ हा लेखणीच्या पेशातील ब्राह्मणांना, श्रेष्ठिन् शब्दापासून आलेला ‘शेट’ हा व्यापाऱ्यांना, ‘बुवा’ हा कीर्तनकार-गोसाव्यांना, तर ‘राव’ व ‘जी’ हे सरदार, वतनदार व प्रतिष्ठित गृहस्थांना लावण्याची चाल होती. ज्यांना यांपैकी काहीच मिळत नसे, त्यांच्या नावाचे ‘या’कारान्त रूप होई. एकच गणपती नावाचा माणूस एका वाड्यात ‘गणपतराव’ असे, तर वेशीबाहेर ‘गणप्या’ असे. पांढऱ्या केसांच्या बलुतेदाराला किंवा अस्पृश्य गणलेल्या म्हाताऱ्याला वतनदाराच्या घरातील पोराने अशा तुटक नावाने हाक मारावी आणि त्याने ‘जी’ म्हणून ओ द्यावी, हा गावगाड्यातील नित्याचा व्यवहार होता. मारहाणीचा वळ कालांतराने जातो. रोजच्या हाकेतील उपमर्द मात्र त्या माणसाची ओळखच होऊन बसतो.

या पार्श्वभूमीवर महात्मा फुले (१८२७–९०) यांनी केलेला राव शब्दाचा उपयोग लक्षणीय ठरतो. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा गुलामगिरी हा ग्रंथ ‘जोतीराव’ आणि ‘धोंडीराव’ या दोघांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. शूद्रातिशूद्रांच्या गुलामगिरीची मीमांसा करणाऱ्या या ग्रंथात प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा हे दोघेही एकमेकांशी रावाच्या बरोबरीने बोलतात. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने जो समतेचा विचार मांडला, त्याचे एक साधे प्रात्यक्षिक या संवादाच्या मांडणीत आहे. पुढे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या नावातील राव हा कोणा दरबारचा किताब नव्हता. विद्वत्ता आणि कर्तृत्व यांनी त्याला जगभर अर्थ प्राप्त करून दिला.

राव हा मान सर्व थरांतील पुरुषांना ज्या एका प्रसंगी मिळत आला, तो म्हणजे उखाणा होय. पतीचे नाव उच्चारू नये, असा संकेत असलेल्या समाजात लग्न, बारसे, हळदीकुंकू अशा प्रसंगी स्त्रीने नाव ‘घेण्याची’ चाल पडली. उखाण्यात पतीच्या नावाला राव जोडणे हा जवळजवळ नियमच आहे. वर्षभर मालकाच्या तोंडून ‘किसन्या’ अशी हाक ऐकणारा माणूस पत्नीच्या उखाण्यात ‘किसनराव’ होतो. मात्र या सोहळ्यातील देवघेव समान नाही. पती पत्नीचे नाव घेतो, तेव्हा तिच्या नावाला असा कोणताही मानाचा शब्द जोडीत नाही. स्त्रीच्या नावापुढे ‘बाई’, ‘ताई’ हे शब्द येतात. परंतु रावाला जुळणारा, राजपदापासून उतरलेला स्त्रीवाचक नामांत मराठीत रूढ झाला नाही.

इंग्रजी अंमल व त्यानंतर : ब्रिटिश सरकारने हा देशी शब्द उचलून पुन्हा त्याचा किताब केला. पश्चिम व दक्षिण हिंदुस्थानातील हिंदू अधिकारी व प्रतिष्ठितांना ‘रावसाहेब’ आणि त्याहून वरचा ‘रावबहादुर’ हे किताब देण्यात येत. उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या जागी ‘रायसाहेब’ व ‘रायबहादुर’, तर मुसलमान व पारशी यांच्यासाठी ‘खानबहादुर’ हे किताब होते. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे रावबहादुर होते. याच काळात पत्राच्या मायन्यात पुरुषाच्या नावाआधी ‘रा. रा.’ म्हणजे ‘राजमान्य राजश्री’ लिहिण्याचा प्रघात होता. ज्याला हे लिहिले जाई, त्याचा राजाशी काही संबंध असण्याची गरज उरलेली नव्हती. विसाव्या शतकात ‘श्री.’ या सुटसुटीत उपपदाने त्याची जागा घेतली. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने, सैनिकी व विद्याविषयक उपाध्या वगळता, राज्याने किताब देण्याची पद्धत बंद केली. सरकारी राव संपले. लोकांच्या तोंडचे राव तसेच राहिले.

महाराष्ट्र राज्याच्या सार्वजनिक जीवनात या नामांताची चढउतार स्पष्ट दिसते. १९६० ते १९७७ या काळात, १९६३ मधील काही दिवसांची हंगामी नियुक्ती वगळता, यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक व शंकरराव चव्हाण हे रावान्त नावाचेच मुख्यमंत्री झाले. ही मंडळी निरनिराळ्या समाजांतून आलेली होती, हे विशेष. राव हा एखाद्या जातीचा मक्ता राहिला नव्हता, याची ती साक्ष आहे. १९७७ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या रूपाने कुटुंबातील नात्याचा ‘दादा’ आणि १९७८ मध्ये शरद पवार यांच्या रूपाने कोणतेही शेपूट नसलेले नाव या पदावर आले. शिवाजीराव, सुधाकरराव, विलासराव ही नावे पुढेही आली. तथापि नव्या पिढीत मुलाचे नाव राव लावून उच्चारण्याची पद्धत कमी होत गेली आहे.

अनौपचारिक संबोधन : नावापासून सुटा झालेला राव बोलभाषेत वेगळ्याच नियमांनी वागतो. ‘काय राव’, ‘हो ना राव’, ‘ऐका की राव’, ‘तू पण ना राव’ अशी त्याची योजना होते. नामांत राव क्रियापदाला बहुवचनी करतो. हा राव मात्र तसे काहीच करीत नाही. तो ‘तू’बरोबर येतो आणि ‘तुम्ही’बरोबरही येतो. त्याला विभक्ती लागत नाही आणि तो वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही. इंग्रजीत ‘तो गाय आला’ अशा धर्तीचे वाक्य होते. मराठीत या अर्थाने ‘राव आला’ असे कोणी म्हणत नाही. त्याचे स्थान बहुधा वाक्याच्या शेवटी किंवा पहिल्या शब्दानंतर असते. तक्रार, आग्रह, अचंबा किंवा लटका राग या छटा तो दर्शवितो. मराठी व्याकरणकारांनी केवलप्रयोगी अव्ययांत ‘पालुपद’ असा जो वर्ग मानला आहे, त्याच्या अगदी जवळ हा राव जाऊन पोहोचला आहे. त्यामुळे वय, जात, धर्म यांची अट गळून पडली. आता मुलीही एकमेकींशी बोलताना ‘काय राव’ म्हणतात. पुरुषवाचक राजशब्दाचा हा प्रवास लिंगभेदाची मर्यादाही ओलांडून गेला आहे.

वसमत परिसरातील रूपे : या शब्दकुळाची विविधता मराठवाड्याच्या ईशान्य भागात चांगली पाहावयास मिळते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील वसमत हे हळदीच्या बाजारपेठेबद्दल प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. त्यानंतर ते नव्या हिंगोली जिल्ह्यात आले. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा त्या संस्थानात बोलल्या जात आणि रावान्त नावे तिन्हींत असल्याने नावावरून माणसाची मातृभाषा ओळखणे नेहमीच शक्य नसे. शेजारच्या दखनी उर्दूतील ‘मियाँ’, ‘भाई’, ‘साब’ ही संबोधने मराठी बोलणाऱ्यांच्याही कानांवर सतत पडत. दुसऱ्या बाजूने, पूर्णा–अकोला लोहमार्गावरील हे गाव वऱ्हाडाशी जोडलेले आहे. वऱ्हाडी बोलीत मंडळींना उद्देशून ‘राजेहो’ म्हणतात. पुण्याकडील ‘काय राव’ आणि वऱ्हाडातील ‘काय राजेहो’ हे एकाच संस्कृत शब्दाचे दोन वारस होत. एकाने प्राकृताची वाट धरली, तर दुसऱ्याने तत्सम रूप राखले. परंतु दोघेही बाजारात आणि पारावर समानतेने वावरतात.

याच प्रदेशात ‘गडी’ या शब्दाचा उलटा प्रवास ध्यानात येतो. गडी म्हणजे खेळातील सोबती. कबड्डीत ‘गडी बाद’ होतो, तो याच अर्थाने. ‘गड्या, आपला गाव बरा’ या म्हणीतही गडी म्हणजे मित्र होय. परंतु शेतीच्या व्यवहारात तोच शब्द राबणाऱ्या पुरुषाचा वाचक झाला. गुढीपाडव्यापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत ठरलेल्या मोबदल्यावर शेतमालकाकडे राबणाऱ्यास मराठवाड्यात ‘सालगडी’ म्हणतात. राजाचा सोबती झाला आणि सोबत्याचा चाकर झाला, असे हे दोन शब्द एकाच बांधावर उभे आहेत. मालक ‘राव’ आणि सालगडी तुटक नावाचा, ही रीत जितकी मोडत जाईल, तितके या दोन शब्दांमधील अंतर कमी होईल.

तौलनिक विचार : राजपदाचे वा धनीपणाचे शब्द सर्वसामान्यांपर्यंत उतरण्याची क्रिया अनेक भाषांत घडली आहे. फ्रेंच ‘मस्य’ या संबोधनाचा मूळ अर्थ ‘माझे धनी’ असा आहे. इंग्रजी ‘सर’ हा लॅटिनमधील ‘वडीलधारा’ या अर्थाच्या शब्दापासून, तर ‘मिस्टर’ हा ‘मास्टर’ म्हणजे धनी या शब्दापासून आला. याउलट ‘साहेब’ या मूळच्या अरबी शब्दाचा अर्थ ‘सोबती’ असा होता; त्याचा आधी अर्थोत्कर्ष होऊन तो मालक व अधिकारी यांचा वाचक झाला आणि आता ‘काय साहेब’ म्हणून पुन्हा सर्वांसाठी वापरला जातो.

अनौपचारिक इंग्रजीत माणसाला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या ‘गाय’ या शब्दाचा (मराठी ‘गाय’शी याचा संबंध नाही) इतिहास रावाच्या नेमका उलट आहे. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी लंडनमध्ये पार्लमेंटची इमारत राजासह सुरुंगाच्या दारूने उडवून देण्याचा कट उघडकीस आला आणि त्यातील गाय फॉक्स हा तळघरात पकडला गेला. पुढे दर वर्षी त्या दिवशी त्याच्या चिंध्यांच्या पुतळ्याची होळी करण्याची प्रथा पडली. त्या पुतळ्याला त्याच्याच नावाने ‘गाय’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शब्दाचा अर्थ ‘विचित्र कपड्यांतील ध्यान’ असा झाला; पुढे अमेरिकेत त्यातील कुचेष्टा लोपून तो कोणाही माणसाचा वाचक बनला. विसाव्या शतकात त्याचे अनेकवचन स्त्री-पुरुषांच्या एकत्र समूहालाही उद्देशून वापरले जाऊ लागले. जाळण्याच्या पुतळ्यापासून निघालेला इंग्रजी शब्द वर चढला, सिंहासनापासून निघालेला मराठी शब्द खाली उतरला आणि दोघेही एकाच सपाटीवर येऊन थांबले.

राव या शब्दाचे हे सर्व थर आजही एकाच वेळी वापरात आहेत. लग्नपत्रिकेवर तो प्रतिष्ठा दाखवितो, उखाण्यात प्रेम व संकोच व्यक्त करतो, म्हणीत राजा असतो आणि कट्ट्यावर केवळ सोबती. किताब देऊन राजाने थोडेच राव केले. सर्वांना राव केले ते गावाने, आपल्या रोजच्या बोलण्यातून.